दोरीवरची फडकी

११ जानेवारी

ताई,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. हाताला सारखं पॉलिश, कागदाला हात लावला की कागदच उचलून येतो. आज हात घासून धुतले आणि लिहायला बसले.

तुमच्या भावाने जुन्या बाजारातून आणखी एक कपाट आणलं आहे. कोणी तरी त्याला हिरवा रंग फासला आहे, त्याच्याखाली पांढरा, त्याच्याखाली चॉकलेटी. हे सकाळपासून खरवडत बसतात आणि ज्याने रंग दिला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. मी म्हटलं, अहो, त्या माणसाने रंग दिला नसता तर तुम्हाला खरवडायला काय मिळालं असतं? तर म्हणतात, तू पॉलिशवाल्यांच्या बाजूचीच.

आमची कामं वाटलेली आहेत. खरवडणं, रंधा मारणं, खिळे काढणं त्यांचं. भेगा भरणं आणि पॉलिश माझं. फक्त तेल दोघांचं. काही काही लाकडाला पॉलिश न करता नुसतं अळशीचं तेल चोळायचं असतं. ते एक जण डावीकडून सुरू करतो, एक जण उजवीकडून, आणि मध्ये हात भेटेपर्यंत कोणी बोलायचं नाही असा ह्यांनी नियम केला आहे. मी जरा वेळ गप्प बसावं म्हणूनच केला असणार, पण मलाही तो आवडतो.

लग्नाला इतकी वर्षं झाली आणि तुम्ही आमचं दुकान अजून बघितलं नाही. ह्यांना लहानाचं मोठं तुम्ही केलंत, त्यांच्या हातचं काम तरी येऊन बघा. मागच्या खोलीत तुमची सोय करते. दुकानात जरा वाकून चाला, दोरीवर तेलाची फडकी टांगलेली असतात, ती डोक्याला लागतात.

तुमची
रंगारीण

ता. क. ताई, ही मला राबवून घेते आणि गिऱ्हाइकांना सांगते पॉलिश माझं. ये आणि हिला चार शब्द सुनाव. — बाळ्या


४ फेब्रुवारी

रंगारीणबाई,

काल सुखरूप पोहोचले. गाडीत बसायला जागा मिळाली, पण शेजारची बाई रात्रभर माझ्या खांद्यावर झोपली. उठल्यावर मलाच म्हणते, तुमची हाडं फार टोचतात.

घरी आल्यापासून सगळ्यांना तुमच्याबद्दलच सांगते आहे. सुनेला म्हटलं, माझा भाऊ आणि भावजय दिवसभर भांडतात, पण ते कपाटाशी. एकमेकांशी भांडायला त्यांना वेळच नाही. बाळ्या लहान असताना हातात घेतलेली वस्तू मोडल्याशिवाय खाली ठेवायचा नाही. तो आता मोडलेल्या वस्तू सांधतो, हे आमच्या आईने बघायला हवं होतं. मला तर दुकानात उभी असतानाच भरून आलं, म्हणून मी बाहेर जाऊन उगाच पायरी झाडत बसले. तुला वाटलं असेल, काय बाई ही, आल्या आल्या झाडू घेतला.

तुमचं घर तसं टापटीप, पण ती दोरी! मी बाळ्याला विचारलं, अरे, ही चिंध्यांची तोरणं कशाला? एकेक सुटी, चिमट्याने लटकवलेली. तर म्हणतो, ताई, त्यांचं एकमेकांशी पटत नाही, एकत्र ठेवली की भांडतात. लहानपणापासून असाच. कधी कपड्याची घडी घातली नाही, विचारलं की काहीतरी थट्टा करून मोकळा. म्हणून निघायच्या दिवशी दुपारी, तू गिऱ्हाइकाकडे गेली होतीस आणि तो माझं सामान हातगाडीवर ठेवत होता, तेवढ्यात मी ती सगळी फडकी उतरवली. दमट होती जरा, पण कोपऱ्याला कोपरा जुळवून छान घड्या घातल्या आणि जुन्या खुर्च्यांचा कापूस ठेवता ना, त्या लाकडी पेटीत एकावर एक रचून ठेवली. दोरी कशी मोकळी दिसायला लागली! बघितलंत का? कोणाचं काम आहे ते ओळखलंत का?

बाळ्याने दिलेला तेलाचा डबा जपून आणला आहे. नातीच्या पलंगाला वर्षातून एकदा लाव म्हणाला. तो पलंगही त्यानेच नीट करून पाठवला होता, आमची पोर त्याच्याशिवाय दुसरीकडे झोपत नाही.

दोघांनी पोटभर जेवत जा.

तुझी
ताई


१६ फेब्रुवारी

धाकटे,

तू येऊन गेलीस, पण माणसांच्या गराड्यात तुझ्याशी एक शब्द बोलता आला नाही. माझा उजवा हात अजून बांधलेला आहे. हे डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

सगळ्यांना मी सांगितलं की लाकूड चिकटवायचा सरस शिजवायची शेगडी विझवायची राहिली, माझ्याकडून राहिली. तूही तेच ऐकलंस. ते खोटं आहे. कोणाला तरी एकाला खरं सांगितलं नाही तर मला वेड लागेल, म्हणून तुला सांगते. तुझ्याजवळच ठेव.

अळशीच्या तेलाची ओली फडकी गठ्ठा करून ठेवली की ती आपोआप तापतात. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. आतल्या आत तापत जातात आणि पेटतात. आमच्या कामात हे पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणून आम्ही ती दोरीवर सुटी टांगतो आणि वाळून कडक झाली की टाकून देतो. ताई निघाल्या त्या दिवशी सकाळीच आम्ही एका मोठ्या टेबलाला तेल चोळलं होतं, फडकी ओलीच होती. ताईंनी आमचं घर आवरून द्यायचं म्हणून ती उतरवली, घड्या घातल्या आणि कापसाच्या पेटीत ठेवली.

मी गिऱ्हाइकाकडून आले तेव्हा दोरी रिकामी दिसली. मला वाटलं, ह्यांनी उतरवून पाण्यात टाकली असतील. हे ताईंना गाडीत बसवून आले, त्यांनाही दोरी रिकामी दिसली, त्यांना वाटलं मी उतरवली. एरवी आम्ही चमचा कुठे ठेवला हेही एकमेकांना विचारतो. त्या दिवशी दोघांनाही ताई गेल्याचं वाईट वाटत होतं, विचारलं नाही.

पहाटे धुराने जाग आली. मला त्यांनी मागच्या दाराने बाहेर ढकललं आणि कपाट वाचवायला परत आत गेले. तेच हिरव्या रंगाचं कपाट. मी ओढायला गेले तेव्हा माझा हात भाजला. ते किती भाजले होते ते तू पाहिलंस.

दवाखान्यात मला म्हणाले, ताईला आत्ता कळवू नको, बिचारी काल तर परतली. मग शेजारच्यांनी टपाल आणून दिलं, त्यात ताईंचं पत्र. ह्यांना बरं वाटावं म्हणून मी मोठ्याने वाचायला घेतलं. हसत होते गं ते, त्या शेजारच्या बाईच्या गोष्टीला. ओठ भाजलेले, तरी हसत होते. मग मी फडक्यांपर्यंत आले. वाचून गेल्यावर मला कळलं मी काय वाचलं ते.

मग म्हणाले, पेटीतून आग निघाली हे मी पाहिलं होतं, आपलंच काहीतरी चुकलं असं धरून चाललो होतो. मग म्हणाले, मी तिला नीट सांगायला हवं होतं, मी थट्टा केली. आणि मग माझ्याकडून वचन घेतलं. ताईला कधी कळता कामा नये. तिने मला हाताने भरवून वाढवलं, हे तिला कळलं तर ती एक दिवस जगणार नाही. ताईंना बोलावू का विचारलं तर नको म्हणाले. ती समोर बसून रडली तर माझ्या तोंडून निघेल. शेगडीचं त्यांनीच सुचवलं. म्हणाले, माझं नाव घे, मीच विझवायला विसरलो म्हण.

तेवढं मात्र मी ऐकलं नाही. मेलेल्या माणसावर काय म्हणून टाकू? मी माझं नाव सांगितलं. ताईंचं पत्र जाळून टाकलं.

तुझी
थोरली


२३ फेब्रुवारी

थोरले,

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. आता बोलते, ऐकून घे.

भाऊजी देवमाणूस होते, पण हे वचन घ्यायला नको होतं त्यांनी. स्वतः सुटले आणि तुला अडकवून गेले. मी आले होते त्या दिवशी तुझी नणंद कोपऱ्यात बसून काय काय बोलत होती ते तू ऐकलं नाहीस, मी ऐकलं. एवढ्या वर्षांच्या संसारात हिला एक शेगडी विझवता येऊ नये, म्हणत होती. चार बायका माना डोलवत होत्या. मी तेव्हा गप्प बसले, कारण मलाही वाटलं, बाई गं, चूक तर आहेच आपल्या बहिणीची. माझी मला लाज वाटते आता.

ती तुला तोंडावर बोलायला लागेल तेव्हा काय करशील? तोंडात मिठाची गुळणी धरून बसशील? तुझं दुकान गेलं, नवरा गेला, हात गेला. आता नावही घालवून बसू नकोस. तू सांगणार नसशील तर मला सांगू दे. हो म्हण, उद्याच्या उद्या लिहिते तिला.

धाकटी


१० मार्च

तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मनात ठेवून जगता येत नाही, म्हणून लिहिते.

आग लागली आणि माझा भाऊ सहा दिवस दवाखान्यात होता. सहा दिवस! तुला एक तार करता आली नाही? तार केलीस ती तो गेल्यावर. मी त्याला दोन वर्षांचा असल्यापासून कडेवर वागवला, आई गेली तेव्हा मीच केवढीशी होते. त्याच्या तोंडात शेवटचं पाणी घालायचा माझा हक्क होता. तो मला विचारत नव्हता का? ताई कुठे आहे म्हणत नव्हता का? म्हणत असणारच. आणि तू त्याला काय सांगत होतीस?

आणि शेगडी. मी तुमच्याकडे होते तेव्हा रोज संध्याकाळी बाळ्या ओरडून विचारायचा, शेगडी विझली का? आणि तू हो म्हणायचीस. म्हणजे न बघताच म्हणत असशील. मी सगळ्यांना हेच सांगते आणि सांगणार. कोणी म्हणतं, जाऊ दे, तिचाही नवरा गेला. गेला ना, पण कोणामुळे गेला? मला भाऊ परत मिळणार आहे का?

तू आल्या-गेल्याबरोबर पाठवतेस त्या चिठ्ठ्या मला नकोत. दोन ओळी लिहितेस, त्याही वाकड्यातिकड्या. मन नसेल तर लिहू नकोस. बाळ्याचा रंधा वाचला असेल तर तो मात्र पाठव. पहिला रंधा त्याला मी घेऊन दिला होता. तुझ्याकडे राहावा अशी माझी इच्छा नाही.


१८ मार्च

ताई,

रंधा पाठवते आहे. मूठ एका बाजूने जळली आहे, पातं ठीक आहे. मी पुसून दिलं आहे.

आधी कळवलं नाही, हे माझं चुकलं. ते तुमची आठवण काढत होते, रोज. शेगडीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे.

अक्षर वाकडं येतं कारण डाव्या हाताने लिहिते. मन नाही म्हणून नाही.

तुम्ही पाठवलेलं पहिलं पत्र, घरी पोहोचल्याचं, मला मिळालंच नाही. धावपळीत कुठे गेलं कोण जाणे. तुम्ही नीट पोहोचलात ना, एवढं विचारायचं राहून गेलं होतं.


१ एप्रिल

रंधा मिळाला. उशाशी ठेवला आहे.

डाव्या हाताचं मला माहीत नव्हतं. तो गेल्यावर मी आले त्या दिवशी तुझे दोन्ही हात पदराखाली होते. तेवढं बोलले ते मागे घेते. बाकीचं घेत नाही.

पहिलं पत्र मिळालं नाही तर राहू दे. हसण्याखिदळण्याचं होतं, आता कशाला.

एक सांगायचं म्हणून लिहिते. येत्या रविवारी मी नातीच्या पलंगाला बाळ्याने दिलेलं तेल लावणार आहे. तो म्हणाला होता वर्षातून एकदा लाव, पण वर्षभर थांबायचं कशासाठी? त्याच्या हातचं तेल, त्याच्या हातचा पलंग. मुलाने विचारलं, मी लावू का, मी नाही म्हटलं. तुम्ही लावायचात तसं डावीकडून सुरू करणार, आणि कोणाशी बोलणार नाही. उजवीकडून कोणी नाही, तर मीच तिकडे जाईन.

तो फडकी वाया घालवायचा, तशी मी घालवणार नाही. घड्या घालून पलंगाखालच्या पेटीत पांघरुणांच्या मध्ये ठेवून देईन. पुढच्या वेळी तीच काढायची. त्याच्या आठवणीचं म्हणून काहीतरी घरात राहील.

हे तुला का कळवते मलाच माहीत नाही. त्याच्या कामाबद्दल बोलायला तुझ्याखेरीज कोणी उरलं नाही, आणि तुझ्याशी बोलायला मन घेत नाही.


तार, ४ एप्रिल

तेलाची फडकी घडी करू नका. पेटीत ठेवू नका. ताबडतोब पाण्यात बुडवा. कारण पत्राने.


४ एप्रिल

ताई,

तारघरातून आत्ताच आले. तुमचं पत्र आज सकाळी मिळालं, वाचलं आणि तशीच धावले. तार उद्या तुमच्या हातात पडू दे, एवढंच म्हणते आहे. तार मिळाली नसेल आणि हे पत्रच आधी वाचत असाल तर वाचायचं थांबा, आधी उठा, पेटी उघडा आणि सगळी फडकी बादलीत टाका. पोरीला त्या पलंगावर झोपवू नका. मग पुढचं वाचा.

तेलाची दमट फडकी एकावर एक ठेवली की आपोआप तापतात आणि पेट घेतात. पांघरुणांच्या मध्ये तर फारच लवकर. म्हणून आम्ही ती सुटी टांगायचो. ह्यांनी तुम्हाला थट्टेने काहीतरी सांगितलं असेल, खरं कारण हे.

आमच्याकडे आग ह्याच्यानेच लागली. शेगडीने नाही. त्या दिवशी दोरीवरची फडकी मी उतरवली होती आणि घाईत कापसाच्या पेटीत टाकली. माझ्या हातून झालं. एवढी वर्षं हे काम करून एवढी साधी गोष्ट विसरले असं सांगायची लाज वाटली, म्हणून शेगडीचं नाव सांगितलं. तुम्ही मला बोलता ते बोला, तेव्हाही माझीच चूक होती, आताही माझीच आहे. पण फडकी पाण्यात टाका.

टाकली की मला तार करा. तोवर माझा जीव टांगणीला आहे.

तुमची
रंगारीण


९ एप्रिल

रंगारणी,

फडकी पाण्यात टाकली, एवढी तार तुला सोमवारीच मिळाली असेल. बाकीचं तारेत मावणारं नव्हतं.

तुझी तार रविवारी संध्याकाळी आली, तेव्हा तेल लावून फडकी पेटीत ठेवून झाली होती. खरं सांगू, वाचून मला रागच आला. म्हटलं, ही कोण मला माझ्या घरात फडकी कुठे ठेवायची ते सांगणार? तार टेबलावर टाकली आणि कामाला लागले. पोर जेवून पलंगावर झोपली होती. मग मुलगा म्हणाला, आई, बघून तर ये, तार उगाच कोणी करत नाही.

पेटी ओढली तेव्हा वास आला. वरचं पांघरूण गार होतं. फडक्यांच्या मध्ये हात घातला तर गरम लागलं. बाळ्या लहान असताना तापाने फणफणायचा, आणि मी अंधारात त्याच्या कपाळावर हात ठेवायची, तेव्हा हाताला लागायचं, तेवढं गरम. मी हात काढून घ्यायला विसरले. मुलाने मला बाजूला केलं आणि पेटीच उचलून बाहेर नेली.

तुझं पत्र तीन दिवसांनी आलं. तोपर्यंत मला सगळं कळून चुकलं होतं. तू लिहितेस, दोरीवरची फडकी तू उतरवलीस. तू त्या दुपारी घरात नव्हतीस गं. मी उतरवली. मी घड्या घातल्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि ती पेटीत रचून वर शाबासकी मागायला तुम्हाला पत्र लिहिलं. ते पत्र तुला मिळालं होतं. मिळालं नाही असं लिहिलंस तेव्हा मला वाटलं, बघ, हिला माझ्या पत्राचीही पर्वा नाही.

मला का बोलावलं नाही हेही आता कळलं. तूच बोलावलं नाहीस असं मी धरून चालले होते. त्यानेच नको म्हटलं असणार. त्याला खोटं बोलायला कधी जमलं नाही, माझ्यासमोर तर नाहीच. मला वाचवायचं म्हणून तुला पुढे केलं त्याने, आणि तू गेलीस. मी दोन महिने तुझं नाव घेऊन ज्याला त्याला सांगत सुटले, आणि तू डाव्या हाताने लिहिलंस, तुम्ही म्हणता ते खरं आहे. मला त्याचा फार राग येतो आहे, रंगारणी. तुझाही येतो. पण सगळ्यात मोठा राग कोणाचा येतो ते काय लिहायचं.

ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांना पत्रं लिहायला घेतली आहेत. शेगडी नव्हती, मी होते, असं. तुझ्या धाकट्या बहिणीलाही लिहिलं. तिने त्या दिवशी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते मला आठवतं. सून म्हणते, कशाला, झालं गेलं. तिला म्हटलं, तू पोरीला तुझ्या खोलीत घेऊन झोप आणि मला लिहू दे.

पुढच्या आठवड्यात मी तुझ्याकडे येते. रंधा बरोबर आणते, तो तुझा आहे. दार उघडलं नाहीस तरी चालेल, मी पायरीवर बसेन.

फडकी अजून बादलीत आहेत. पाणी तेलकट झालं आहे, सून रोज म्हणते ओतून टाका. बादलीपाशी जाते आणि परत येते.

ताई